परसातलं घर

कॅलिफोर्नियात खोली आणि घर यांच्यातला फरक शेगडी ठरवते. मागच्या अंगणात तुम्ही ऐसपैस खोली बांधलीत, तिला बाथरूम जोडलंत, पलंग-कपाट आणलंत, तरी कायद्याच्या लेखी ती मूळ घराची एक खोलीच. तिथे ओटा, सिंक आणि रांधायची कायमची सोय आली, आत जायला स्वतंत्र दार असलं, की तीच जागा दुसरं घर होते. राहणं, झोपणं, जेवणं, रांधणं आणि न्हाणीघर-शौचालय या पाचही गोष्टींची कायमस्वरूपी सोय असलेलं, मूळ घराच्याच भूखंडावरचं स्वतंत्र बिऱ्हाड म्हणजे ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट, अशी राज्याच्या कायद्यात व्याख्या आहे. इथे सगळे त्याला एडीयू म्हणतात. मीही तेच म्हणते.

मी मूळची सांगलीची. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट या पट्ट्यात घरांचे नकाशे काढायचे आणि ते नगरपालिकेतून मंजूर करून घ्यायचे, हे माझं काम. माझ्याकडे येणाऱ्यांत मराठी कुटुंबं बरीच असतात, आणि त्यांच्या पहिल्या फोनचा विषय बहुधा ठरलेला असतो. आईबाबा तिकडे एकटे आहेत, त्यांना इथे आणायचंय. पण एका छपराखाली सहा-सहा महिने काढले की दोन्ही बाजूंना जड जातं. मागे जागा पडून आहे. काही करता येईल का? त्याच्या पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून, दुसरा प्रश्न येतो: शेजारी हरकत घेतील का हो?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मला आजही समाधान वाटतं. शेजाऱ्यांना तुमचं घर आवडलं नाही तर ते तसं म्हणू शकतात, पण त्यांच्या म्हणण्यावर तुमची परवानगी अडत नाही. एडीयूच्या बाबतीत सुनावणी नाही, शेजाऱ्यांची संमती नाही, नगरसेवकांचं मतदान नाही. नकाशा नियमात बसला की अधिकाऱ्यानं शिक्का मारायचाच. त्याला स्वतःच्या पसंती-नापसंतीला जागा ठेवलेली नाही. पूर्ण अर्ज हातात आल्यापासून ६० दिवसांत त्यानं होय किंवा नाही सांगायचं. नाही म्हणायचं असेल तर काय काय चुकलं आणि ते कसं सुधारायचं हे सगळं लेखी द्यायचं. आणि ६० दिवसांत काहीच सांगितलं नाही तर अर्ज मंजूर झाला असं धरायचं. दुरुस्तीसाठी कागद तुमच्याकडे परत आले असतील तेवढे दिवस यातून वगळतात.

हे इतकं सरळ होण्यामागे मोठा लढा आहे, आणि तो समजून घ्यायला इथल्या वस्त्यांचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

अमेरिकी शहराचा झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधता येईल याचा, नकाशा पाहिला तर निवासी भागातला फार मोठा तुकडा एकाच प्रकारचा दिसतो: एका भूखंडावर एका कुटुंबाचं एक घर. ही कल्पना आमच्या शेजारच्या बर्कली शहरात १९१६ मध्ये कायद्यात आली, एलमवुड नावाच्या वस्तीसाठी. देशातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी ते एक. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं युक्लिड खटल्यात झोनिंगला मान्यता दिली आणि ही पद्धत देशभर पसरली. वरवर पाहता हा शांत वस्तीचा, हिरवळीचा नियम. आतून तो कोणाला शेजारी म्हणून ठेवायचं आणि कोणाला नाही, याचाही नियम होता. मला घरांचे जुने दस्त चाळावे लागतात, म्हणून हे माहीत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात विकल्या गेलेल्या कितीतरी भूखंडांच्या खतांत अशी अट आढळते की गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहायचं नाही. घरात नोकर म्हणून राहिलं तर चालेल. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा अटी अमलात आणायला मनाई केली, तरी कागदावर त्या राहिल्याच. आपल्या लोकांसाठी तर दुहेरी कुंपण होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलं गेलं, आणि ज्यांना नागरिकत्व मिळूच शकत नाही त्यांना जमीन विकत घेऊ न देणारा कायदा कॅलिफोर्नियात १९१३ पासून होता. तो १९५२ मध्ये न्यायालयानं रद्दबातल ठरवला. त्याच मातीवर आज साताऱ्याची आजी स्वतःच्या नावाची पाटी लावते. असा नकाशा मंजूर झाला की ही गोष्ट मला आठवतेच.

दुसऱ्या घराला परवानगी देणारा राज्याचा पहिला कायदा १९८२ चा. पण त्यात शहरांना हव्या तितक्या अटी घालायची मुभा होती, आणि शहरांनी ती पुरेपूर वापरली. २००२ मध्ये कायदा बदलला, सुनावणीशिवाय मंजुरी द्या असं सांगितलं, तर शहरांनी अटी वाढवल्या. भूखंड अमुक इतका मोठाच हवा, मोटारीसाठी दोन झाकलेल्या जागा हव्यात, मालकानं तिथेच राहायला हवं. कागदावर परवानगी आणि प्रत्यक्षात मनाई, असा तो काळ. लोकांनी मग जे करायचं ते केलं. गॅरेजात गुपचूप शेगडी आली, मागच्या शेडला बाथरूम जोडलं गेलं, आणि हजारो कुटुंबं अशा बेकायदा जागांत राहू लागली.

खरा बदल २०१६ मध्ये झाला. फ्रीमाँटचे माजी महापौर बॉब विकोव्स्की तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते. त्यांचं एक विधेयक आणि सांता मोनिकाचे रिचर्ड ब्लूम यांचं दुसरं, अशी दोन विधेयकं राज्याच्या राजधानीत, सॅक्रॅमेंटोत, मंजूर झाली आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. २०१९ मध्ये आणखी चार-पाच कायदे आले आणि शहरांच्या हातातल्या उरलेल्या बहुतेक अटी निघाल्या. मंजुरीची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. भूखंड किमान अमुक हवा ही अट गेली. वसाहतीच्या मंडळांनाही आपल्या उपनियमांत एडीयूवर सरसकट बंदी घालता येईनाशी झाली. २०१६ पर्यंत राज्यभरात वर्षाला जेमतेम एक-दोन हजार परवाने निघत. २०२२ मध्ये तो आकडा वीस हजारांच्या पुढे गेला. एवढ्या परवान्यांसाठी सरकारनं जमीन दिली नाही, रस्ते काढले नाहीत. लोकांच्या परसात जी जागा होती तीच मोकळी झाली.

आता प्रत्यक्ष नियम. एक नमुन्याचा भूखंड समोर ठेवते, या भागात असे हजारो आहेत. ६० फूट रुंद, १०० फूट खोल, म्हणजे सहा हजार चौरस फूट. आपल्या हिशेबानं साधारण साडेपाच गुंठे. त्यावर १९५०-६० च्या सुमारास बांधलेलं, चौदाशे चौरस फुटांचं लाकडी सांगाड्याचं बैठं घर. पुढे हिरवळ, घराला चिकटून दोन मोटारींचं गॅरेज, मागे पंचवीस-तीस फुटांचं अंगण, त्यात लिंबाचं झाड.

मागे सुटं घर बांधायचं तर बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून चार फूट सामासिक अंतर सोडलं की पुरे. आपल्याकडे ज्याला चटई क्षेत्र म्हणतात, तो एफएसआय मूळ घरानं आधीच संपवला असेल तरी आठशे चौरस फुटांपर्यंतचं, सोळा फूट उंचीचं घर शहराला अडवता येत नाही. आठशे चौरस फूट म्हणजे पुण्यातला दोन बेडरूमचा बेताचा फ्लॅट. ही आठशेची हमी मला या सगळ्या कायद्याचा कणा वाटते. बाकी आकडे शहरागणिक थोडे बदलतात. सुट्या घराला बाराशे चौरस फुटांपर्यंत जाता येतं. शहरानं स्वतःची मर्यादा घातली तर ती एका बेडरूमला ८५० आणि त्याहून जास्तीला १००० च्या खाली आणता येत नाही. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनापासून अर्ध्या मैलाच्या आत असाल तर उंची अठरा फूट. मोटारीच्या जागेची अट तर बसथांबा अर्ध्या मैलाच्या चालण्यावर असला तरी माफ होते, आणि या भागात तो बहुधा असतोच.

चार फुटांच्या नियमात एक मेख आहे, ती लोकांना आधी कळत नाही. झोनिंग चार फुटांवर बांधू देतं, पण आगीपासूनच्या संरक्षणाची नियमावली वेगळी आहे. हद्दीपासून पाच फुटांच्या आत भिंत आली, आणि घरात आग विझवणारे फवारे नसले, तर ती भिंत तासभर आगीला तोंड देईल अशी बांधावी लागते. तिच्यात खिडक्याही भिंतीच्या पाव भागापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. फवारे मात्र मूळ घराला बंधनकारक नसतील तर एडीयूलाही बंधनकारक नाहीत. त्यामुळे जागा असेल तिथे मी भिंत पाच फुटांवर आणते. एक फूट जातो, पण आजीच्या खोलीला मोठी खिडकी मिळते.

नकाशावर सगळं बसलं तरी जमिनीखाली काय आहे ते पाहावं लागतं. भूखंडाच्या मागच्या कडेनं कधी कधी वीज-पाण्याच्या वाहिन्यांसाठी राखलेली पट्टी असते. तिच्यावर बांधता येत नाही, आणि ती दस्तातच सापडते, अंगणात उभं राहून दिसत नाही. सांडपाण्याच्या नळाला दर फुटामागे पाव इंच उतार द्यावा लागतो. मागचं अंगण रस्त्यापेक्षा खाली असेल तर तो उतार जमत नाही आणि पंप बसवावा लागतो. लांबट भूखंडावर अग्निशमन दलाचा पाइप १५० फुटांत घराच्या सगळ्या बाजूंना पोचतो का, हे मोजतात. जुन्या घराचा विजेचा पॅनेल बहुधा १०० अँपिअरचा असतो. दोन स्वयंपाकघरं, दोन हीटर, त्यात विजेची मोटार, एवढा भार त्याला झेपत नाही. २०० अँपिअरची जोडणी घ्यायची तर वीज कंपनीच्या रांगेत महिनोन्महिने जाऊ शकतात. नगरपालिकेला ६० दिवसांचं बंधन आहे, या रांगेला तसं नाही. म्हणून नकाशाच्या आधी मी पॅनेलचा फोटो मागते.

सुटं घर हा सगळ्यात महाग मार्ग. आमच्या या भागात, म्हणजे बे एरियात, अडीच-तीन लाख डॉलर सहज लागतात, जास्तही. म्हणून पुष्कळ जण गॅरेजाकडे वळतात. तिथे कायदा आणखी उदार आहे. आहे ती इमारत बदलायची तर सामासिक अंतराचा प्रश्नच नाही. जुनं गॅरेज हद्दीला चिकटून असलं तरी चालतं. गॅरेज गेलं म्हणून मोटारीसाठी दुसरी जागा करून द्या असंही शहर म्हणू शकत नाही. काम मात्र दिसतं तितकं सोपं नसतं. गॅरेजची फरशी दाराकडे उतरती असते आणि घराच्या जोत्यापेक्षा खाली. तिच्याखाली ओल अडवणारा थर क्वचितच असतो. मोठं शटर काढलं की त्या जागी भिंत येणार, पण तिथे पाया नसतो. बेडरूमची खिडकी अशी हवी की आग लागली तर माणूस तिच्यातून बाहेर पडू शकेल: उघडल्यावर ५.७ चौरस फुटांची मोकळी जागा, तळमजल्यावर पाच चालते, आणि खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. सत्तरीच्या माणसासाठी ४४ इंचही फार. मी ती खाली घेते.

गॅरेज घराला चिकटून असेल तर तिसरा मार्ग निघतो: ज्युनिअर एडीयू. ही जागा मूळ घराच्या भिंतींच्या आत असावी लागते, जोडलेलं गॅरेज त्यात धरतात, आणि ती ५०० चौरस फुटांपेक्षा मोठी नसावी. दार बाहेरून स्वतंत्र. स्वयंपाकघर छोटं चालतं, म्हणजे रांधायचं उपकरण, जेमतेम ओटा, सामान ठेवायला कपाटं. बाथरूम मूळ घराशी सामायिक ठेवता येतं. तसं केलं तर आतून जायला दार ठेवावं लागतं आणि मालकानं त्याच घरात राहणं बंधनकारक असतं. मोठ्या एडीयूसाठी मालकाच्या राहण्याची अशी अट शहरांना आता घालता येत नाही. आईबाबा वर्षातले काही महिनेच येणार असतील, आणि मधलं दार आपल्याला हवंच असेल, तर मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. खर्च कमी, अंगण तसंच राहतं, आणि रात्री आईला बरं वाटलं नाही तर चपला घालून बाहेरून जावं लागत नाही. एका भूखंडावर मागचं सुटं एडीयू आणि आतलं ज्युनिअर, दोन्हीही करता येतात.

पण स्वयंपाकघराशिवाय यातलं काहीच होत नाही, आणि मराठी घरांत नेमकी तिथेच चर्चा अडते.

एका कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर मी नकाशा पसरला होता. मुलगा म्हणत होता, ओटा नको, फक्त खोली आणि बाथरूम करा. आई स्वयंपाक कशाला करेल, जेवायला इकडेच येईल. काकू सगळं ऐकून घेत होत्या. मग नकाशावर बोट ठेवून मला म्हणाल्या, "अगं, गॅस माझा मला असणार ना?" मुलगा ओशाळला. त्याला वाटत होतं ते मला कळत होतं: आईची चूल वेगळी मांडली असं लोक म्हणतील. आपल्याकडे चूल वेगळी होते ती घर फुटल्यावर. भारताच्या जनगणनेतही एका सामायिक स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, असंच मोजतात. काकूंनी त्याला समजावलं ते असं: "भांडून वेगळी मांडली तर लोकांनी बोलावं. मी पाचला उठते, मला चहा लागतो. तुम्ही दोघं रात्री एकपर्यंत लॅपटॉपवर. मी भांडं वाजवलं तरी तुमची झोप मोडते म्हणून मी सातपर्यंत अंधारात बसून राहते. हे बरं आहे का?"

ओटा झाला. सून त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली, तीही ओट्याच्या बाजूनंच.

स्वयंपाकघर नको म्हणणाऱ्यांचा आणखी एक विचार असतो. परवानगी खोलीची घेऊ आणि नंतर टेबलावर इंडक्शन ठेवू. मी याला कधीच हो म्हणत नाही. खोली म्हणून केलेल्या जागेला एडीयूचे हक्क मिळत नाहीत. चार फुटांची सवलत नाही, आठशेची हमी नाही, ६० दिवसांची मुदत नाही. पुढे घर विकताना किंवा विम्याचा दावा करताना ती शेगडी अडचणीची ठरते. जी गोष्ट कायदा उघडपणे देतोय ती लपवून का घ्यायची?

ओटा ठरला की त्याच्यावर काय शिजणार हे मी विचारते. पुष्कळशी नवी एडीयू आता पूर्ण विजेवरची होतात, कारण गॅसची नवी वाहिनी मागच्या अंगणापर्यंत नेणं महागात पडतं. आजींना मग प्रश्न पडतो की भाकरी फुगवायची कशावर आणि भरिताचं वांगं भाजायचं कशावर. वांग्यासाठी अंगणात बार्बेक्यूची शेगडी आहे, ते त्यांना पटतं. भाकरीचं वेळ लागून जमतं. चिमणीचा पंखा मात्र धूर बाहेर सोडणाराच असावा लागतो, हवा गाळून आतच फिरवणारा चालत नाही. फोडणी देणाऱ्या घरासाठी हा नियम मला फार मोलाचा वाटतो. पाचशे फुटांच्या जागेत मोहरी-हिंगाचा धूर कोंडला तर पांघरुणांनाही वास लागतो.

म्हाताऱ्या माणसांसाठी कायद्यात आणखी एक चांगली गोष्ट आली आहे. जुलै २०२४ पासून नव्या बांधलेल्या घरात बाथरूमच्या भिंतींत आधाराची दांडी बसवता येईल असं लाकडी पाठबळ आधीच घालावं लागतं, आणि प्रवेशाच्या मजल्यावरच्या किमान एका बेडरूमच्या आणि एका बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी ३२ इंच ठेवावी लागते, म्हणजे पुढे चाकाची खुर्ची लागली तर ती जाते. भिंत बंद होण्याआधी या लाकडाला काही डॉलर पडतात. टाइल्स लागल्यावर तेच काम करायचं तर भिंत फोडावी लागते. गॅरेज बदलून केलेल्या जागेला हा नियम लागू असो वा नसो, मी ते लाकूड घालूनच घेते. आंघोळीच्या वेळी पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेली माणसं सगळ्यांच्याच नात्यात आहेत.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी सांगायला हव्यात. शहरं नव्या घरांवर रस्ते, बागा अशा सोयींसाठी विकास शुल्क लावतात. ७५० चौरस फुटांपेक्षा लहान एडीयूला ते पूर्ण माफ आहे. म्हणून ७४९ चौरस फुटांचे नकाशे इथे इतके दिसतात. दुसरी गोष्ट मालमत्ता कराची. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे घराचं करमूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, त्यामुळे जुन्या मालकांचा कर खूप कमी असतो आणि एडीयू बांधलं की सगळ्या घराचं नव्यानं मूल्यांकन होईल या भीतीनं कित्येक जण गप्प बसतात. तसं होत नाही. जुन्या घराचं मूल्य तसंच राहतं, नव्या बांधकामाचं मूल्य त्यात मिळवतात. अडीच लाख डॉलरचं बांधकाम धरलं तर वर्षाला साधारण तीन हजार डॉलर वाढतात. राज्यानं मध्यंतरी चाळीस हजार डॉलरपर्यंत अनुदानही दिलं होतं, तो निधी संपला. नकाशाचा खर्च वाचवायचा असेल तर आधीच मंजूर करून ठेवलेले नमुना नकाशे नगरपालिकेत पाहावेत. २०२५ च्या सुरुवातीपासून प्रत्येक शहरानं अशी सोय ठेवावी असा कायदा आहे. यानं माझ्यासारख्यांचं थोडं काम जातं. तरीही सपाट, चौकोनी भूखंड असलेल्यांना मी तेच सुचवते.

आणि गुपचूप बांधलेल्या जुन्या जागांचं काय? महाराष्ट्रातल्या वाचकांना गुंठेवारीचा कायदा माहीत आहे. २००१ च्या त्या कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. इथेही जवळपास तेच झालं आहे. १ जानेवारी २०२० पूर्वी परवानगीशिवाय केलेलं एडीयू केवळ आजच्या बांधकाम नियमांत बसत नाही म्हणून शहराला नाकारता येत नाही. राहणाऱ्याच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका असेल तेवढंच दुरुस्त करून घ्यायचं. नवं घर घेताना मागे अशी जागा असेल, आणि या भागात ती फार घरांना असते, तर ती पाडायची घाई करू नका. बहुतेक वेळा तपासणीत निघतं ते असं: बेडरूमला बाहेर पडण्याजोगी खिडकी नाही, हीटर चुकीच्या जागी आहे, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाही, वीज एक्स्टेंशनच्या वायरीनं नेलेली. ही सगळी कामं होण्यासारखी आहेत. अशा जागांत आजही भाड्यानं राहणारी माणसं या गावाची भांडी घासतात, मुलं सांभाळतात. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर सुरक्षित व्हावं हे मला आईबाबांच्या घराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आईबाबा सांगलीला परतल्यावर मधले महिने जागा रिकामी राहते, तेव्हा ती पर्यटकांना रोजावर द्यावी असा विचार येतो. तो करू नका. एडीयूचा उद्देश राहती घरं वाढवणं हा आहे, आणि बहुतेक शहरांत ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीनं ते भाड्यानं देता येत नाही. जवळच्या रुग्णालयात काही महिन्यांसाठी आलेल्या परिचारिका, विद्यापीठातले संशोधक, यांना तीन-चार महिन्यांची जागा हवीच असते.

सगळ्यात नवा प्रश्न विक्रीचा. पूर्वी एडीयू मूळ घरापासून तोडून सहसा विकता येत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोचे फिल टिंग यांच्या २०२३ च्या कायद्यानं शहरांना तशी मुभा दिली, कॉन्डो म्हणून, म्हणजे जमीन सामायिक आणि घरं वेगवेगळ्या मालकांची. सॅन होजेनं २०२४ मध्ये ती सगळ्यात आधी स्वीकारली. ज्यांना या भागात घर घेणं कधीच परवडलं नसतं अशा तरुण जोडप्यांसाठी ही वाट उघडली, याचा मला आनंद आहे. मात्र आईबाबांसाठी बांधलेल्या घराबाबत माझं मत वेगळं आहे. त्यांच्या पश्चात ते विकलं की तुमच्या अंगणात, चार-पाच फुटांवर, कायमचा दुसरा मालक येतो. छप्पर, सांडपाण्याचा नळ, वाट या सगळ्यांचा खर्च आणि निर्णय दोघांचे होतात. असा विचार असेल तर तो नकाशाच्या वेळीच सांगा. मग मी पाण्याचा मीटर, विजेचा पॅनेल आणि आत येण्याची वाट सुरुवातीपासून वेगळी काढते. विक्रीआधी जागेची सुरक्षा-तपासणी लागते, आणि मूळ घरावर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेची लेखी संमतीही. ती संमती मिळेल का, हे बँकेला बांधकाम सुरू व्हायच्या आधी विचारून ठेवा.